हाताने लिहिल्यासारखं

छापखान्याच्या मालकांनी तिच्या अक्षराचं नाव ठेवलं 'मायेचा हात'. "घरात सासूबाई नावं ठेवतात, इथे तुम्ही नाव ठेवलंत, तेवढाच फरक," असं म्हणून तीही तेव्हा हसली होती.

बाळंतपणाच्या रजेवरून ती कामावर आली, तेव्हा मालकांनी तिच्याकडून अख्खी बाराखडी आणि आकडे कोऱ्या कागदांवर लिहून घेतली आणि त्याचा फॉन्ट बनवून घेतला. अक्षरं जराशी कलती. शिरोरेघ मध्येच सुटलेली, वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रेललेली. 'क' तर तीन तऱ्हांचे, म्हणजे एका ओळीत दोनदा आला तरी यंत्राचा वाटायला नको. माणसाने घाईत, पण आपलेपणाने लिहिल्यासारखं. बघता बघता जॅमच्या बरण्या, साबणाच्या वड्या, कॉफीच्या दुकानातल्या पाट्या, सगळीकडे तिचंच अक्षर झालं. बाळाला कडेवर घेऊन दुकानात शिरली की फळीफळीवरून तिचाच हात तिच्याकडे बघायचा.

मग तान्ह्या मुलांच्या सर्दीचे थेंब बनवणारं गिऱ्हाईक आलं. त्याला बाटलीवरचं सगळंच त्या अक्षरात हवं होतं.

लेबल पडद्यावर जुळवताना तिचा हात थबकला. 'वर्षाच्या आतल्या बाळाला १ थेंब.' तिच्या घाईतल्या एकाची शेपूट खाली येऊन वळायची, आणि वळली की तो नऊ दिसायचा.

"आकडे तेवढे छापील ठेवू या का?" तिने विचारलं.

"मध्येच छापील आकडा? नव्या सदऱ्याला ठिगळ लावल्यासारखं दिसेल ते," मालक म्हणाले.

"अहो, पण एक आणि नऊ सारखेच दिसतायत."

"ताई, तान्ह्या पोराला नऊ थेंब कोण पाजणार आहे? आई झाल्यापासून तुम्हाला चमच्यातही विहीर दिसते."

बाकीचे हसले. ती खरंच दाराची कडी तीनतीनदा बघायची, झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरायची, तेव्हा हसणाऱ्यांना काय बोलणार? लेबल तसंच छापून गेलं.

सुटीच्या दिवशी, दुपारी, वरच्या मजल्यावरची वहिनी दार बडवत आली. तिची आठ महिन्यांची चिमी खांद्यावर ओल्या टॉवेलसारखी लोंबत होती.

"अगं, ही उठतच नाहीये! सकाळपासून हाका मारतेय. हे गावाला गेलेत, मी एकटी काय करू?"

आपलं बाळ सासूबाईंच्या मांडीवर टाकून ती वहिनीबरोबर रिक्षात बसली. वाटेत वहिनी चिमीचे गाल थोपटत राहिली. ती मात्र फक्त त्या इवल्या छातीकडे बघत होती. खाली गेली की वर यायला फार वेळ लावत होती.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने पापण्या उघडून विजेरी मारली. "काही औषध दिलंत?"

"सर्दीचे थेंब. काल रात्री आणि आज पहाटे. लिहिलंय तेवढेच," म्हणत वहिनीने पिशवीतून बाटली काढून दिली.

डॉक्टरने लेबलावर नजर टाकली आणि मान हलवली. "मग हे औषधाचं नाही. डोक्यात संसर्ग दिसतोय. पाठीतून पाणी काढून तपासावं लागेल." तो नर्सला सुई तयार करायला सांगू लागला.

ती बाटली आता खाटेच्या कडेला उभी होती. कलती अक्षरं, सुटलेली शिरोरेघ. डॉक्टरने एक वाचला होता, कारण किती द्यायचे ते त्याला आधीच ठाऊक होतं. वहिनीला कुठून ठाऊक असणार?

गप्प बसली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.

"वहिनी, किती थेंब दिलेत?"

"म्हटलं ना, लिहिलंय तेवढेच."

"म्हणजे किती? आकडा सांगा."

"नऊ." वहिनी वैतागली. "मलाही जरा जास्तच वाटले गं. पण हाताने लिहिलंय, म्हणजे कुणीतरी विचार करूनच लिहिलं असेल ना?"

डॉक्टर गर्रकन वळला. त्याने बाटली उचलून उजेडात धरली, मग आणखी जवळ आणली. "दोन्ही वेळा नऊ?"

"हो. का? काय झालं?"

सुई राहू दे, नळी आण, मोठ्या डॉक्टरांना बोलव, असं ओरडत त्याने चिमीला उचललं आणि आतल्या खोलीत नेलं. दार लागलं.

बाकावर दोघीच उरल्या.

"एकच होता, वहिनी. तो एक आहे."

वहिनीचं तोंड उघडं राहिलं. "मला वाचता येत नाही होय गं? माझ्या हाताने मी माझ्या पोरीला..."

"तुम्ही बरोबरच वाचलंत. ते तसंच दिसतं. अक्षर माझं आहे. मीच बसवलंय त्यावर."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. रडली नाही की ओरडली नाही. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

तिने मालकांना फोन लावला. बाटल्या आजच्या आज दुकानांतून उचलायला लावा, म्हणाली. मालकांनी आवाज खाली आणला. मग, "हे तुम्ही तिथे कुणाला बोलला नाहीत ना?"

"बोलले. आता तुम्ही बोला, नाहीतर एकेका दुकानात जाऊन मी बोलते."

आतून नर्स धावत बाहेर आली, कपाटातून काहीतरी घेऊन परत गेली. दार उघडलं तेवढ्यात यंत्राची पिप्-पिप् ऐकू आली, मधली अंतरं लांब. वहिनीने डोळे मिटून घेतले.

"तू घरी जा," वहिनी म्हणाली. "तुझं बाळ खोळंबलं असेल."

ती उठली नाही. वहिनीने पिशवी उचलून दोघींच्या मध्ये ठेवली आणि दाराकडे तोंड करून बसली.