शेवटच्या डब्याची पाटी

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा मंडप काल संध्याकाळी उतरला आणि आज सकाळी महेंद्र पुन्हा कॉम्प्युटरपुढं जाऊन बसला, याचा दीपाला राग नव्हता. राग आला तो भावानं हौसेनं उघडून दिलेला खेळ तिनं चालवून पाहिला तेव्हा. बोगद्यातलं स्टेशन उजळलं आणि खाली इंग्रजी अक्षरं उमटली: सिग्नलव्यवस्था, उत्तमराव साळवे.

सावेडीतल्या या फ्लॅटमध्ये बापलेकांनी दोन वर्षं खपून ही भुयारी रेल्वे रचली होती. उत्तमराव दौंड-मनमाड मार्गावरच्या एका लहान स्टेशनात मास्तर म्हणून निवृत्त झालेले. भुयारातली गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण कलकत्त्याच्या एका ओळखीच्या रेल्वेवाल्याला पत्रं लिहून डब्याची लांबी, दारं किती वेळ उघडी राहतात, सगळं मागवलं. सिग्नलचं मात्र कुणाला विचारायची गरज पडली नाही. इंजिन कितीही पुढं गेलं तरी शेवटच्या डब्यावरची पाटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी नोकरीभर मागच्या गाडीला वाट दिली नव्हती. चढावर जोड तुटून दोन डबे मागंच राहिले असले तर? मोतीबिंदूनं नजर अधू झाल्यावर नियमांचं पुस्तक दीपाच त्यांना वाचून दाखवायची.

तिनं खुर्ची ओढली आणि गाडी चालवायला घेतली. समोर हिरवा. पुढं आणखी एक हिरवा. मग वळणावर पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसले, आणि तिची गाडी त्या गाडीच्या आरपार निघून गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

हे कधी केलंस, तिनं विचारलं. बाबा दवाखान्यात असताना, महेंद्र म्हणाला. खेळ विकत घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीतल्या माणसाला अंधारात लाल दिव्यापुढं दीड मिनिट बसणं कंटाळवाणं वाटलं होतं. मग इंजिन पुढं सरकलं की मागचा सिग्नल लगेच हिरवा होईल, असं महेंद्रनं करून टाकलं. तो माणूस आज चार वाजता फ्लॉपी न्यायला येणार होता.

"बाबांना सांगितलंस?"

"त्या अवस्थेत काय सांगणार, ताई? आणि खेळ आहे हा. यात कुणी मरत नाही."

"त्यांचं नाव काढ."

"अगं, मानानं घातलंय मी."

"हयातीत त्यांनी एक गाडी अशी सोडली नाही. ते गेल्यावर तू त्यांच्या हातून रोज सोडवणार. हा मान?"

महेंद्रनं नाव खोडलं. एकेक अक्षर जाताना दीपा बघत होती. रिकाम्या जागेत आता काय लिहू, त्यानं जरा घुश्शातच विचारलं.

"तुझं लिही. सिग्नल तुझे आहेत."

दोन अक्षरं झाल्यावर त्याचा हात थांबला. मग त्यानं ती फाइल बंद करून सिग्नलांची उघडली आणि मान न वळवता विचारलं, गाडीचं शेवटचं चाक सिग्नलच्या किती पुढं गेलं की बाबा रूळ मोकळा धरायचे. दीपानं आकडा सांगितला. आवाज मऊ करायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

चारला खाली रिक्षा थांबली. दीपा दार उघडून उंबऱ्यातच उभी राहिली. काम अजून व्हायचंय, तिनं त्या माणसाला सांगितलं. किती वेळ लागेल, त्यानं घड्याळ बघत विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "थांबणार असाल तर खुर्ची देते."