वीतभर सरकलेली रेघ

पैज लागली तेव्हा मास्तरांच्या हातात कचऱ्याची बादली होती आणि माझ्या तोंडात दात घासायचा ब्रश. अशा अवस्थेत माणसाने काही कबूल करू नये. पण कुंपणापलीकडून मास्तर म्हणाले, "काय हो, आज तुमच्या स्वयंपाकघरात गॅस येणार म्हणे? कोण बसवतंय? मेहुणा? मग चहा उद्याच प्या."

मास्तर म्हणजे आमचे शेजारी. तीस-पस्तीस वर्षं पोरांना भूमिती शिकवली, आता निवृत्त होऊन आम्हाला शिकवतात.

मी फेस थुंकला. "मास्तर, आज पाचच्या आत नव्या शेगडीवर चहा उकळला नाही, तर नाव बदलीन."

"नाव राहू द्या, त्याला तसंही कोण विचारतं? आमच्या नातीची तीनचाकी सायकल आहे. हरेल त्याने डोक्यावर पातेलं घालून तिच्यावर बसायचं आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. दिवसाउजेडी."

"पातेलं वाजवत," मी म्हणालो.

"पळीने," मास्तर म्हणाले.

झालं, ठरलं. मी घरात आलो तो हसतच. मास्तरांचे ते बांबूसारखे पाय आणि ती टीचभर सायकल! माझ्या डोळ्यांसमोरून चित्र हलेना.

बायकोने विचारलं, "काय खुदखुदताय? काय करून ठेवलंत?"

"काही नाही."

"आज माझ्या भावाच्या वाटेला जायचं नाही. सांगून ठेवते."

"मी जातो का कुणाच्या वाटेला? लोकच माझ्या वाटेत येतात."

ती हसली नाही. तिचं बरोबर होतं. मेहुण्याने सात वर्षं एका खडूस उस्तादाच्या हाताखाली पाइप वाकवले होते. महिन्यापूर्वी त्याला स्वतःचं लायसन मिळालं, पण कच्चं. स्वतःच्या नावावर बसवलेली पहिली लाइन तपासणीत पास झाली तर लायसन पक्कं, नाही तर अजून वर्षभर उस्तादाचे टोमणे. आणि ती पहिली लाइन म्हणजे आमची. दुपारी तीनला तपासनीस बाई येणार होत्या.

काम मात्र पोराने देखणं केलं होतं. परसात प्रोपेनची पांढरी टाकी, तिच्या डोक्यावर रेग्युलेटर. तिथून तांब्याचा पाइप भिंतीवरून छताजवळ आत येतो, मग भिंतीच्या पोटातून सरळ खाली, ओट्याच्या मागून उतरून ओट्याखालच्या कॉकपर्यंत. कॉक म्हणजे चावी. ती फिरवली की गॅस शेगडीला. पाइप भिंतीत गेला, वरून गिलावा झाला, तशी मेहुण्याने ओळंबा लावून भिंतीवर लाल पेन्सिलीने उभी रेघ मारली. "दाजी, पाइप बरोबर हिच्या मागे आहे. इथे खिळा ठोकायचा नाही."

"अरे, मी काय वेडा आहे?"

हा प्रश्न आमच्या घरात कोणी उत्तरासाठी घेत नाही.

तर ही झाली रविवारची गोष्ट. बुधवारी, म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशी, बायको बाजारात गेली, तेव्हा मी माझा एक फोटो मोठा करून, चौकटीत घालून, ओट्याच्या बरोबर वर लावला. बत्तिशी दाखवणारा. म्हटलं, ही रोज चहा करताना मान वर करील आणि समोर मी. खिळा ठोकताना रेघ बघितली हो, विसरलो नाही. रेघेपासून चांगला वीतभर डावीकडे ठोकला. गिलाव्यात जरा अडला, मग एकदम लोण्यात सुरी शिरावी तसा आत गेला. मला वाटलं, माझ्या मनगटात अजून जोर आहे.

तीनला तपासनीस बाई आल्या. जाड चष्मा, कडक इस्त्री, हातात पुठ्ठ्यावर लावलेला फॉर्म. मेहुण्याच्या कपाळावर घामाचे थेंब. त्याने लाइनीत पंपाने हवा भरली, दाबाचा काटा दाखवणारं घड्याळ जोडलं आणि सगळे जण त्या काट्याकडे बघत उभे राहिले. अर्धा तास काटा हलला नाही तर लाइन पास. मास्तर निरीक्षक म्हणून आगंतुकासारखे आले होते. बायको दाराशी, श्वास रोखून.

आता तुम्हीच सांगा, पाच माणसं श्वास रोखून उभी आहेत आणि माझ्या वरच्या दातांत एक छान फट आहे. माणसाने करायचं काय?

"स्स्स्स्स..."

मेहुणा असा उडाला की साबणाच्या पाण्याचा डबा लवंडता लवंडता राहिला. ब्रश घेऊन एकेका सांध्यावर फेस फासत सुटला. बुडबुडा कुठे दिसेना. मी परत, जरा बारीक, "स्स्स्स..."

"ताई, लीक आहे! कुठे आहे तेच कळत नाही!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तिथेच सगळं उघडकीला आलं.

"शरम वाटत नाही?" बायको म्हणाली. "त्याच्या वर्षाचा प्रश्न आहे!"

मास्तरांना हसू आवरेना. तपासनीस बाईंना मात्र बरोबर आवरलं. "अहो गृहस्थ," चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "गॅसच्या कामात हा आवाज काढू नये."

पण काटा! अर्धा तास झाला, केसभरही हलला नव्हता. मेहुण्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. घड्याळात पावणेचार. मास्तर गुपचूप स्वतःचे गुडघे चोळायला लागले. मी म्हटलं, "मास्तर, सायकलला तेल घालून ठेवा."

मेहुणा परसात जाऊन टाकी उघडून आला. लाइनीत आता हवेऐवजी प्रोपेन. तपासनीस बाई म्हणाल्या, "घरमालकाला कॉक उघडता-मिटता आला पाहिजे. त्यांनीच उघडायचा, त्यांनीच पेटवायचं." मी चहासाठी काढून ठेवलेलं अख्खं बिस्किट तोंडात कोंबलं, ओट्याखाली फतकल मारून बसलो, एका हाताने कॉक धरला, दुसऱ्या हातात काडेपेटी. काडी बाहेर काढून पेटीच्या कडेला टेकवलेली. वर बाईंनी पेन उघडलं, सही करायला.

तेवढ्यात बायको म्हणाली, "थांबा. या थोबाडासमोर मी पहिला चहा करणार नाही." आणि तिने फोटो उतरवला. खिळा तसाच. मेहुण्याच्या पिशवीतली पक्कड घेतली, खिळा धरला, खसकन ओढला.

स्स्स्स्स...

"पुरे झालं!" बायको ओरडली.

"दाजी, हात जोडतो," मेहुणा म्हणाला.

"आता मात्र हद्द झाली," मास्तर.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली बसून त्यांच्याकडे बघत होतो. माझे गाल बिस्किटाने फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. आवाज चालूच.

पहिल्यांदा मेहुण्याला कळलं. त्याची नजर माझ्या तोंडावरून वर भिंतीकडे गेली आणि तिथेच थिजली. मग वास आला. नासक्या अंड्यांचा. माझ्या अंगातलं रक्त कुणीतरी मोरीचं बूच काढून सोडून दिल्यासारखं खाली गेलं. मी बंदच असलेला कॉक आणखी करकचून आवळला. आवाज थांबला नाही! थांबणार कसा? भोक कॉकच्या वर होतं.

"काडी!" बाई ओरडल्या. "काडी टाका! कोणी बटणाला हात लावू नका! बाहेर!"

माझ्या बोटांत काडी होती. गूल पेटीच्या खरखरीत कडेला टेकलेलं. मला ती टाकायची होती आणि बोटं उघडत नव्हती. खरं सांगतो, माझी बोटं मला ओळखत नव्हती. बायको खाली वाकली, एकेक बोट सोडवून तिने काडी काढून घेतली, काडेपेटीही, आणि मला दंडाला धरून फरफटत अंगणात आणलं. मेहुणा तोवर परसात पोचून टाकी बंद करत होता. धावताना त्याचा गुडघा पायरीवर आपटून फुटला, ते त्याला नंतर समजलं.

आम्ही अंगणात उभे. दारं-खिडक्या सताड उघड्या. माझ्या तोंडात बिस्किट तसंच, गिळायचं कसं ते आठवेना.

शेवटी बाई म्हणाल्या, "प्रोपेन हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, खाली उतरतो, जमिनीलगत साचतो." मग माझ्याकडे बोट केलं. "हे बसले होते तिथे."

मास्तर माझ्यापासून एक पाऊल लांब सरकले. जसं काही मी अजून गॅसने भरलेला होतो.

वास पार गेल्यावर आम्ही आत गेलो. बाईंनी भोकाला बोट लावून पाहिलं. "खिळ्यानेच भोक बुजवलं होतं. म्हणून काटा हलला नाही. हा खिळा हळूहळू गंजला असता, ढिला झाला असता, आणि तेव्हा इथे माणसं हजर नसती." मग त्या मेहुण्याकडे वळल्या. आवाज थंड. "पाइप इथे आहे. तुमची खूण तिकडे, वीतभर उजवीकडे. चुकीच्या खुणेमुळे माणसं मरतात. मी लाइन नापास करते आहे. लायसनबद्दल वर कळवावं लागेल."

"बाई, मी ओळंबा लावून..." मेहुणा थेट भिंतीशी गेला. तो रेघेकडे बघत होता. आपल्याच हातावर विश्वास न बसल्यासारखा. "मी इथे नव्हती मारली. की मारली होती? ताई, मी चुकलो का गं?"

वीतभर.

आणि तेव्हा मला आठवलं. तुमची शप्पथ, तोवर आठवलं नव्हतं. माझ्या गमती इतक्या असतात की मी त्यांचा हिशेब ठेवत नाही. रविवारी, मेहुणा हात धुवायला गेला तेव्हा मी ओल्या फडक्याने त्याची रेघ पुसली होती आणि वीतभर उजवीकडे दुसरी मारली होती. तपासणीच्या वेळी त्याचा चेहरा कसा होतो ते बघायला. मग मी सांगणार होतो, सगळे हसणार होते. आणि बुधवारी मीच त्या खोट्या रेघेपासून वीतभर सुरक्षित अंतर मोजून खिळा ठोकला होता. थेट पाइपात. दुसऱ्या कुणाला फसवायला काढलेल्या रेघेवर भरवसा ठेवणारा अख्ख्या गल्लीत एकच माणूस निघाला.

बाईंचं पेन फॉर्मवर टेकलं होतं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. आयुष्यभर सरळ चेहऱ्याने 'मी नाही त्यातला' म्हणत आलोय, चेहरा तयारच होता. पण मेहुणा बायकोला पुन्हा विचारत होता, "मी चुकलो का गं?"

"रेघ माझी आहे," मी म्हणालो.

"दाजी, आता नको. मला वाचवायला खोटं..."

"अरे, खरं बोलतोय!" जन्मात पहिल्यांदा खरं बोललो तर कोणी मानेना. बाई म्हणाल्या, "पुरावा?"

बायको भिंतीजवळ गेली. रेघेवर बोट घासलं, बोट नाकाशी नेलं. तिचा चेहरा पाहून मला त्या गॅसजवळ परत जाऊन बसावंसं वाटलं.

"ही पेन्सिल नाही," ती म्हणाली. "ही माझी लिपस्टिक आहे."

बाईंनी माझ्याकडून लेखी घेतलं. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'सदर रेघ मी स्वतः, पत्नीच्या लिपस्टिकने, गंमत म्हणून सरकवली. सदर खिळाही माझाच.' मास्तरांनी साक्षीदार म्हणून सही केली, आणि शुद्धलेखनाच्या दोन चुकाही काढल्या.

मेहुण्याने भिंत फोडली, पाइपाचा तेवढा तुकडा कापून नवा जोडला, परत हवा भरली. त्या अर्ध्या तासात मी ओठांवर हात धरून बसलो होतो, न जाणो, सवयीने काही सुटलं तर. काटा हलला नाही. सहाला बाई परत आल्या, नवा पाइप उघडा असतानाच डोळ्यांनी पाहिला, काटा पाहिला, सही केली आणि मेहुण्याला म्हणाल्या, "तुमचं काम चांगलं आहे. नातेवाईक बदलता येत नाहीत."

चहा उकळला तेव्हा साडेसहा वाजले होते.

मास्तर म्हणाले, "राहू द्या हो आता. घडलं ते कमी आहे का?" आणि सायकल घेऊन फाटकाशीच उभे राहिले.

मी पातेलं डोक्यावर घातलं. गल्ली उजेडाने भरलेली, ओसऱ्यांवर माणसं, बातमी कधीच पोचलेली. टीचभर सीटवर बसलो, गुडघे कानांना लागले. एका हाताने पळी, ठण् ठण् ठण्. हसतील म्हटलं होतं, हसत होतेच. पण माझी पळी तालात पडत नव्हती. गूल त्या खरखरीत कडेला टेकलेलं अजून बोटांना जाणवत होतं.

अर्धी गल्ली झाली असेल. अगदी मानेमागून आवाज आला.

"स्स्स्स्स..."

मी असा उसळलो की सायकल एकीकडे, पळी दुसरीकडे, पातेलं घरंगळत नाल्यापर्यंत. वळून बघतो तर मेहुणा. गुडघ्याला फडकं बांधलेलं, हातात वाफाळता कप, ओठ घट्ट मिटलेले, चेहरा सरळ. इतक्या वर्षांत त्याने माझी केलेली पहिली थट्टा.

"दाजी, चहा," तो म्हणाला.

मास्तरांनी पातेलं उचललं, फुंकर मारून झटकलं आणि माझ्या डोक्यावर परत नीट बसवलं.

"टोक अजून यायचंय," ते म्हणाले. "बसा."

मी बसलो.