ताईची बसणी

रंगाऱ्याच्या पिण्याबद्दल लोक जे सांगतात त्यातलं निम्मंच खरं आहे, पण ते निम्मंही दोन माणसांना पुरून उरेल. एकदा म्हणे त्याने झिंगलेल्या अवस्थेत एक भिंत रंगवली, ती भिंतीवरच्या पालीसकट. ती पाल पुढे दोन वर्षं फिक्या निळ्या रंगात हिंडत होती, आणि तिच्या पिल्लांच्याही शेपटीला निळसर झाक होती.

अशा माणसाला त्याच्या थोरल्या बहिणीने दंडाला धरून व्यसनमुक्ती केंद्रात आणून सोडलं, त्याला आता सात महिने झाले होते. सुरुवातीला त्याचे हात इतके थरथरायचे की कप तोंडाशी येईपर्यंत चहा आपोआप ढवळून व्हायचा. मग त्याला तळमजल्यावरच्या लांबट खोलीत धाडलं. तिथे काका वेताच्या खुर्च्या विणायला शिकवत. हे काका स्वतः एकोणीस वर्षांपूर्वी याच केंद्रात आले होते, तेही आडवे.

वेताची पट्टी पाण्यात भिजवायची, चौकटीच्या भोकातून ओवायची, लाकडी खुंटी ठोकून दाबायची. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरप्या. पहिल्या आठवड्यात रंगाऱ्याने वेताच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या आठवड्यात वेताने त्याच्या बोटांचा. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की गेला तासभर आपल्याला बाटलीची आठवणच झाली नाही. हे त्याने काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, गप्प राहा, नाहीतर आठवेल.

त्या खोलीचा एक रिवाज होता. पहिली खुर्ची पुरी झाली की, ज्या माणसाला आपण जन्मात सगळ्यात जास्त थापा मारल्या, त्याला बोलवायचं आणि तिच्यावर बसवायचं. याला बसणी म्हणत. बसणी झाल्याशिवाय शिकाऊ माणूस कारागीर होत नसे. कुणाचा बाप येई, कुणाची बायको. एकाने आपल्या जुन्या मुकादमाला बोलावलं, तर तो बसण्याआधी खुर्चीवर दहा विटा ठेवून बघत होता.

रंगाऱ्याला फार आठवावं लागलं नाही. ताईच.

ताई टपाल कचेरीत पार्सलं घ्यायची. काटा बिघडला तरी तिचं अडत नसे. पार्सल हातात घेऊन ती वजन सांगे, आणि आत काय दडवलंय तेही. अंगाने अशी की बागेतल्या बाकाच्या एका टोकाला ती बसली की दुसऱ्या टोकाचा माणूस आपोआप उभा राही. ताईला वाटे, लोक किती सभ्य आहेत. 'आता बंद' हे रंगाऱ्याने तिला इतक्यांदा सांगितलं होतं की हल्ली ती नुसतं 'बरं' म्हणायची. ते 'बरं' त्याला शिवीपेक्षा जास्त झोंबायचं. तिने एकदा तरी आपल्या हातच्या कशावर, न चाचपता, सगळा भार टाकावा, एवढंच त्याला हवं होतं.

रविवारी दहाला ती येणार होती. सातला रंगारी खिडकीशी खुर्ची पुसत होता, आणि त्याला दिसलं. मागच्या कोपऱ्यात एक तिरपी पट्टी जिथे वरून जायला हवी तिथे खालून गेली होती. अशी पट्टी दिसते शहाण्यासारखी, पण माणूस बसला-उठला की शेजारच्या वेताला करवतीसारखी घासत राहते. आज काही होत नाही. सहा महिन्यांनी एखाद्या दुपारी सगळी जाळी खाली. काकांच्या चष्म्यातूनही ती निसटली होती.

दुरुस्त करायचं तर तिरप्या पट्ट्या काढून नव्याने विणायच्या, म्हणजे पाच तास, वर वाळायला एक दिवस. त्याने ठरवलं, आज बसू दे, उद्या गुपचूप नीट करू. ठरवलं आणि दचकला. हा विचार गेली वीस वर्षं त्याच्या डोक्यात पोटभाडेकरूसारखा राहत होता.

ताई दहाला पाच कमी असतानाच आली. शिकाऊ मंडळी हात पुसून उभी राहिली. ताईने खुर्चीला पाठ केली, दोन्ही हात मागे नेले.

"ताई, बसू नकोस."

ती तशीच थांबली. "का रे?"

"चुकलीय. मागे एक पट्टी खालून गेलीय. आज धरेल, पण पुढे तुटेल."

ताईने वळून, वाकून, नाक टेकेपर्यंत बघितलं. "मला तर काही दिसत नाही."

"कुणालाच दिसत नाही. म्हणून तर सांगतोय."

ताईने त्याच्याकडे पार्सलाकडे बघावं तसं बघितलं, बराच वेळ. आत दडवलेलं काही सापडेना, तेव्हा तिने भिंतीजवळचं एक खोकं पुढे ओढलं आणि त्यावर बसली.

"मग उसव की गाढवा. माझं तोंड काय बघतोस?"

त्याने उसवलं. ताई भिजलेल्या पट्ट्या एकेक करून त्याच्या हातात देत राहिली, आणि मधूनमधून काकांना विचारत राहिली की मास्तरांना दिसत नसेल तर मास्तर कशाला म्हणायचं. काकांनी तीनदा चष्मा पुसला. तीन वाजता शेवटची खुंटी बसली. वाळू दे, म्हणाली, पुढच्या रविवारी येते.

आठवड्याने ती आली आणि न चाचपता बसली. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई शपथेवर सांगतात की त्या क्षणी इमारत दोन बोटं खाली गेली. चौकट एकदा कुरकुरली, वेत मात्र हूं की चूं नाही. ताई म्हणाली, पाठ जरा जास्तच सरळ आहे. मग ती शेजारणीच्या कागाळ्या सांगू लागली आणि एका कागाळीच्या मध्येच झोपली. मांडीवरची पर्स घसरून रंगाऱ्याच्या पायाशी पडली, उघडीच.

एका दुपारी तिच्या डुलकीत तिची पर्स रिकामी झाली होती, तेव्हापासून अकरा वर्षांत तो खोलीत असताना ताईने दिवसा डोळा मिटला नव्हता.

रंगाऱ्याने पर्सची चेन लावली आणि ती तिच्या मांडीवर ठेवली. मग पुढची खुर्ची ओढून घेतली, आणि तिची झोप मोडू नये म्हणून हातोडी बाजूला ठेवून खुंट्या अंगठ्यानेच दाबत बसला.