मनगटाचं माप

उस्तादांनी तुटकी काठी टेबलावर आडवी ठेवली, तिच्या मुठीशी आपला मापांचा तक्ता लावला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"चुकलंय," ते म्हणाले.

खिडकीशी बसलेल्या वहिनी दुसऱ्या एका काठीवर दोरा गुंडाळत होत्या. त्या उस्तादांच्या पत्नी. पण गिऱ्हाइकांनी लावलेलं वहिनी हे नाव इतकं रुळलं होतं की पोस्टमनसुद्धा त्यांना त्याच नावानं हाक मारी. मासे धरायच्या गळाच्या काठ्या बांधणाऱ्या या छोट्याशा कारखान्यात कामाची वाटणी लग्नापासून ठरलेली होती. मोजमाप उस्तादांचं, बुचाची मूठ उस्तादांची, गळाची दोरी ओवायच्या कड्यांच्या जागा उस्तादांच्या. त्या कड्या दोऱ्यानं आवळायच्या आणि वर वार्निश चढवायचं, एवढं वहिनींचं. मापं कुठून आली असं कुणी विचारलं की उस्ताद तक्त्याकडे बोट दाखवत. ऐन तारुण्यात त्यांनी तो स्वतः आखला होता, आणि त्यात एका रेघेचाही बदल करायची गरज त्यांना आजवर वाटली नव्हती.

काठी घड्याळजींची होती. मोटारीच्या दारात सापडून तिचं शेंड्याकडचं टोक तुटलं होतं. घड्याळजींनी ती सकाळी टॉवेलात गुंडाळून आणली आणि एकच विनंती केली, हिच्यासारखीच हुबेहूब दुसरी करून द्या. पाच वर्षांपूर्वीच्या एका अपघातानंतर त्यांचं उजवं मनगट वळायचं बंद झालं होतं. घड्याळांचा धंदा त्या मनगटाबरोबर गेला. उरला तो तळ्याचा काठ. ही काठी हातात आल्यापासून माणसात आलो, असं ते ज्याला त्याला सांगत, आणि वर उस्तादांच्या हाताची तारीफ करत. उस्तादही ती मान खाली घालून, पण पूर्ण ऐकून घेत.

"रिळाच्या खाली मूठ दहा इंच हवी. इथं तेरा आहे," उस्ताद आता म्हणाले. "सगळ्या कड्या त्या मानानं वर सरकल्यात. मी दवाखान्यातून आलो तेव्हाची आहे ना ही? गोळ्यांच्या गुंगीत बांधली असणार मी. बिचाऱ्यानं पाच वर्षं माझी चूक हातात धरली, आणि वर माझंच कौतुक केलं."

"त्यांना हुबेहूब हवी आहे," वहिनी म्हणाल्या.

"चूक हुबेहूब करायची?"

यावर वहिनींनी दोऱ्याचा आणखी एक वेढा घातला, आणि याचा अर्थ आपलं पटलं असा उस्तादांनी घेतला. संसारात असे गैरसमज सोयीचे असतात. त्यांनी कोरी काठी निवडली, ती वाकवून बोटांवर फिरवली, तिचं ताठ अंग कुठलं ते पाहून खूण केली. बूच कापलं, दहा इंचांवर. कड्या चिकटपट्टीनं तात्पुरत्या लावल्या आणि दोऱ्यासाठी काठी वहिनींच्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती तिथंच होती. तिसऱ्या दिवशीही. वहिनींनी मधल्या वेळात दोन काठ्या संपवल्या, दोऱ्याचे डबे आवरले, ब्रश धुतले, आणि त्या काठीला हात लावला नाही.

"घड्याळजी परवा येणार आहेत," उस्तादांनी आठवण केली.

"ती काठी त्यांना चालणार नाही."

"का?"

वहिनींनी हातातला दोरा कापला, टोक नीट दाबलं आणि मगच वर पाहिलं.

"कारण तेरा इंच ही चूक नव्हती. ती काठी मी बांधली होती."

उस्ताद हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते नुसते स्टुलावर बसले. मग वहिनींनी त्यांना सगळं सांगितलं. उस्तादांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात घड्याळजी काठी सांगायला आले होते. हाताचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. वहिनींनी चहा दिला तेव्हा त्यांनी कप उचलला तो कोपरातून, अख्खा हात वर करून. ते पाहूनच वहिनींनी ठरवलं की तक्त्याची काठी या माणसाच्या कामाची नाही. गळ फेकताना शेवटचा झटका मनगट देतं, आणि यांना मनगटच नव्हतं. मग त्यांनी आपल्या मनगटाला लाकडी फूटपट्टी बांधली आणि मागच्या अंगणात बादलीवर नेम धरून दोन दिवस गळाऐवजी दोरीला बांधलेलं शिसं फेकलं. शेजारीण कुंपणावरून विचारून गेली, डोकं ठिकाणावर आहे ना. मूठ वाढवत वाढवत तिसऱ्या दिवशी इतकी लांब झाली की ती हाताखालून कोपरापर्यंत टेकली आणि फेकायचं काम कोपरानं उचललं. शिसं बादलीत पडायला लागलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही घरी आलात तेव्हा गुंगीत तासभर टेबलाशी बसलात तर बसलात, एरवी पलंगावरून उठायला तयार नव्हता. घड्याळजी येऊन तुमच्या हाताचं कौतुक करून गेले, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही दाढी केलीत. मग कशाला सांगू? पण चूक म्हणालात, ते मला लागलं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे ते."

वहिनींनी फूटपट्टी आणि चिकटपट्टी उचलली. त्यांनी नवऱ्याचा उजवा हात धरला, पट्टी मनगटाखाली ठेवली आणि तळव्यापासून कोपराच्या अलीकडपर्यंत बांधून टाकली. लग्नात गाठ मारली होती तीही याहून सैल असावी. मग तक्त्याच्या काठीला रीळ लावून ती त्यांच्या हातात दिली आणि अंगणाकडे मान केली.

चाळीस वर्षं काठ्या बांधलेल्या माणसानं शिसं फेकलं. ते त्याच्याच चपलेजवळ पडलं. दुसऱ्यांदा तुळई उचलावी एवढा जोर लावला तेव्हा कुंपणापलीकडे गेलं. तिसऱ्यांदा मुठीचा शेवट पोटात रुतला आणि उस्तादांनी काठी खाली ठेवली. वहिनींनी रीळ घड्याळजींच्या तुटक्या काठीला लावलं आणि ती पुढं केली. शेंडा नव्हता, तरी मूठ तीच होती. उस्तादांनी ती धरली, लांब बूच हाताखाली आपसूक टेकलं, आणि त्यांनी कोपर नुसतं पुढं केलं. बादलीत शिसं पडलं नाही, पण बादलीला लागून वाजलं.

त्यांनी पुन्हा एकदा फेकलं. मग आणखी एकदा. वहिनी आत जाऊन कामाला लागल्या. बराच वेळ अंगणातून तो आवाज येत राहिला. उस्ताद आत आले तेव्हा पट्टी अजून हाताला होती. ती काढायला त्यांनी हात वहिनींपुढं केला.

ठरल्या दिवशी घड्याळजी गुडघ्यावर हात ठेवत आले ते नेहमीप्रमाणे उस्तादांसमोर बसायला निघाले. उस्ताद उठले आणि त्यांनी खुर्ची वहिनींच्या टेबलाशी ओढली.

"माप त्या घेतील," ते म्हणाले. "मी लिहून घेतो."

घड्याळजींनी दोघांकडे पाहिलं. उस्तादांनी वही उघडली. तुटक्या काठीची सगळी मापं त्यांनी आदल्या संध्याकाळी सुवाच्य अक्षरात आधीच उतरवून ठेवली होती, वर दुहेरी रेघ मारून. नवा तक्ताच म्हणा ना. वहिनींनी घड्याळजींना तळ्यावर बसतात तसं बसायला सांगितलं, त्यांच्या हातात तुटकी काठी दिली आणि कोपरापाशी टेप धरली.

"साडेअकरा," त्या म्हणाल्या.

उस्तादांची पेन्सिल थांबली.

"तेरा आहे. मी दोनदा मोजलंय."

"तेव्हा ते उभ्यानं टाकायचे. आता गुडघ्यामुळं बसून टाकतात. तेरा ठेवलं तर मांडीला अडेल."

उस्तादांनी घड्याळजींच्या मांडीकडे पाहिलं, मग वहीतल्या दुहेरी रेघेकडे. त्यांनी तेरा खोडलं, साडेअकरा लिहिलं, आणि पेन्सिल पुढच्या ओळीवर टेकवली.

"पुढं?" त्यांनी विचारलं.