मदतनीस : आवश्यकता नाही

एकाच परांचीवरून एकाच सकाळी दोन रंगारी पडले. एकाचे मनगट मोडले. त्याच्या भरपाईच्या अर्जावर विमा कंपनीच्या तपासणी डॉक्टरांनी लिहिले, ‘मदतनीस : सहा आठवडे आवश्यक.’ दुसऱ्याची मान मोडली आणि खांद्याखालचे शरीर कायमचे निकामी झाले. त्याच्या अर्जावर त्याच डॉक्टरांनी लिहिले, ‘मदतनीस : आवश्यकता नाही.’

मान मोडलेल्या रंगाऱ्याची बायको वजनकाटे तपासण्याच्या कार्यशाळेत कामाला होती. अपघातानंतर नोकरी सुटली, सवय मात्र सुटली नाही. दोन नोंदींचा मेळ बसला नाही की ती आधी काटा तपासायची. मनगटवाल्याने आपल्या अर्जाची प्रत आणून दिली तेव्हा तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि दिराला हाक मारली.

“भाऊजी, हे विचित्र नाही वाटत तुम्हाला?”

“वहिनी, उगाच कीस काढत बसू नका. विमा कंपनीकडून तडजोडीचा कागद आलाय. सही करा आणि सुटा.”

“कोण सुटतं?”

दिराने चपला घातल्या.

फरक काय, ते दावा चालवणाऱ्या वकीलबाईंनी तिला आडपडदा न ठेवता सांगितले होते. “मनगट जुळलं की दावा मिटतो. झालेला खर्च, बुडालेला रोज, सोसलेलं दुखणं. बेरीज केली की संपलं. तुमच्या नवऱ्याचा दावा पुढचा आहे. ते जगतील तितकी वर्षं त्यांना उचलायला, वळवायला, भरवायला माणूस लागणार. ती सगळी वर्षं आजच मोजावी लागतात, कारण एकदा सही झाली की प्रकरण पुन्हा उघडत नाही. पण मदतनिसाच्या रकान्यात ‘नाही’ असेल, तर मी मोजू काय? मान मोडल्याचा दावा मनगटाच्या मापाने मिटेल.”

वकीलबाईंनी फेरतपासणी मागून घेतली. मागची तपासणी नऊ मिनिटांत आटोपली होती. त्या दिवशी सासूबाईंनी घर चकचकीत करवून घेतले होते. मुलाची दाढी, इस्त्रीचा शर्ट, पाठीशी तीन उशा. लघवीची पिशवीसुद्धा चादरीआड दडवलेली. “वा, अगदी टवटवीत!” डॉक्टर म्हणाले होते. सासूबाईंचा ऊर भरून आला होता. “माझी सून लाखात एक आहे हो. तिच्या हातून काही कमी पडायचं नाही.” डॉक्टरांनी मान डोलावली होती आणि लिहिले होते.

या वेळी तिने डॉक्टरांना सकाळी सातला बोलावले. नवऱ्याची पूर्वतयारी करायची नाही, असे तिने ठरवले होते. पण ठरवण्याचा हक्क आपला एकटीचा नाही, हेही तिला कळत होते.

“अहो, ते सगळं बघतील. तुम्ही नको म्हणालात तर नाही.”

त्याची नजर छताकडे होती. “हे छत मीच रंगवलं होतं. त्या कोपऱ्यात दुसरा हात द्यायचा राहिलाय. चौदा महिने तेवढंच बघतोय.” मग म्हणाला, “बघू दे त्याला. आईला बाहेर बसव.”

सासूबाई मात्र कडाडल्या. “परक्या माणसापुढे माझ्या पोराचे धिंडवडे काढतेस? ह्याच्या बापाचं अंथरूण अकरा वर्षं सांभाळलं मी. कुणाला दाखवलं नाही.”

“म्हणून कुणाला कळलंच नाही, आई.”

सासूबाई बाहेर जाऊन बसल्या.

डॉक्टर आले. तिने त्यांना पलंगाशेजारी खुर्ची दिली आणि काम सुरू केले. पिशवी रिकामी करून तिच्यातले माप लिहिले. पोट साफ करायला चाळीस मिनिटे लागली. मग अंग पुसणे, टाचा आणि माकडहाड बोटांनी चाचपून पाहणे, आखडलेले सांधे एकेक करून हलवणे. डॉक्टरांचा चहा निवून गेला. नवरा डोळे मिटून होता. त्याला कुशीवर वळवताना डॉक्टरांनी न सांगता उठून पाय धरले. तेवढ्यानेच त्यांना धाप लागली.

“असं कितीदा?”

“दर दोन तासांनी. रात्रीही.”

नाश्ता भरवून झाला तेव्हा दहा वाजायला दहा मिनिटे होती. तिने हात धुतले.

“डॉक्टर, मागच्या वेळी ‘नाही’ का लिहिलंत?”

“अंगावर दाबाची एकही जखम नव्हती.” ते जरा थांबले. “आणि घरात तुम्ही होतात.”

“मनगटवाल्याच्या घरी?”

“तो एकटाच राहतो.”

“उद्या मी अंथरुणाला खिळले तर?”

डॉक्टरांनी अर्ज उलटसुलट पाहिला. “असा रकाना नाही यात.”

“मग समासात लिहा.”

त्यांनी लिहिले : ‘मदतनीस : दिवसरात्र, आजन्म.’ अक्षर सुवाच्य होते. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी चादरीचे एक टोक उचलले आणि सुनेने दुसरे.

दुपारी तिने तडजोडीचा कागद सही न करता परत पाठवला. सहीच्या जागी, कार्यशाळेत सदोष काट्याच्या चिठ्ठीवर लिहीत असे तसे, दोन ओळींत कारण लिहिले :

‘मनगट मोडलेल्याच्या घरात बाई नव्हती, म्हणून मदतनीस धरला.
मान मोडलेल्याच्या घरात बायको होती, म्हणून धरला नाही.’