फॅमिली असेल तरच

खुर्ची पिवळी होती, पाठीवर बदक काढलेलं होतं आणि उंचीने ती आर्डिस वोयटाच्या गुडघ्याच्याही खाली भरत होती. मोठ्यांसाठी ठेवलेल्या दोन्ही खुर्च्यांवर तान्ही बाळं घेतलेल्या बाया बसल्या होत्या. उभं राहावं तर धाप लागत होती. म्हणून सहासष्ट वर्षांची आर्डिस बदकावर बसली.

काउंटरवरच्या मुलीने नाव पुकारलं आणि बायांच्या मांड्यांवर नजर फिरवली. "आर्डिस कुठाय? बाळ कुठाय?"

"बाळ मीच," आर्डिस म्हणाली.

मुलीने कॉम्प्युटरकडे पाहिलं, आर्डिसकडे पाहिलं. "अहो आजी, हे लहान मुलांचे डॉक्टर आहेत."

"ते बदकावरून कळलं मला. पण विमा कंपनीने मला ह्यांच्याच पदरात टाकलंय, त्याला मी काय करू?"

"कॉम्प्युटरने टाकलं असणार."

"मग त्याला सांग, माझे दुधाचे दात पडून बराच काळ लोटला."

बाया हसल्या. मुलगीही हसली आणि तिने आर्डिसला हात देऊन उठवलं. हात द्यावा लागला, हे आर्डिसने मनात नोंदवून ठेवलं.

घोटाळ्याचं मूळ साधं होतं. तिचे जुने डॉक्टर नाताळात निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेले. विमा योजनेचा नियम असा, की प्रत्येकाच्या नावावर योजनेतला एक फॅमिली डॉक्टर पाहिजे. त्याने चिठ्ठी दिली तर पुढचे हृदयाचे, हाडांचे, डोळ्यांचे डॉक्टर. त्याने मान डोलावली नाही तर सगळी दारं बंद. आपण निवडला नाही तर योजना आपल्यासाठी निवडते. मुलाला मुलगी पाहावी तेवढाही विचार न करता निवडते.

दुखणं पानगळीपासूनचं. तळघरात कपडे धुवायचे, टोपली घेऊन वर यायचं, आणि मध्येच श्वास संपायचा. मग आर्डिस पायरीवर बसून टोपलीतले मोजे जोडीला लावायची, म्हणजे थांबायला कारण मिळायचं. आईसुद्धा अशीच जिन्यात थांबायची. तेव्हाच्या डॉक्टरने 'मन हळवं आहे' म्हणून गोळ्या दिल्या, आणि आई त्या गोळ्या इमानाने घेत घेत एका मार्चमध्ये गेली. आर्डिसला मरणाचं फारसं काही वाटत नव्हतं. आपल्याला कोणी धड विचारलंच नाही आणि आपण गेलो, असं व्हायला नको होतं.

योजनेच्या यादीत नावांना तोटा नव्हता. त्यातले एक डॉक्टर गाव सोडून गेलेले. एक नवे पेशंट घेतात असं छापलेलं, पण फोनवरची बाई म्हणाली, घेतात, उन्हाळ्यात. एक तर वारलेले निघाले. त्यांच्या बायकोनेच फोन उचलला. दोघींच्या छान गप्पा झाल्या आणि फोन ठेवताना ती म्हणाली, "ते असते ना, तर तुम्हाला नक्की घेतलं असतं हो."

शेवटी एक मिळाला. तरुण, स्वच्छ दाढीचा, कॉम्प्युटरकडे तोंड आणि आर्डिसकडे कान.

"दम लागतो?"

"हो."

"वजन जरा कमी करा. रोज चालायला जा."

"चालताना दम लागतो म्हणूनच आलेय ना."

"मग हळू चाला," तो म्हणाला आणि त्याने काहीतरी टाइप केलं.

आर्डिसने सारा जन्म शेबॉयगनमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात रंग मिसळण्यात घालवला होता. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, पांढरा द्या. कुठली खोली, असा पहिला प्रश्न कोणीही विचारतं. उजेड कुठून येतो, हा दुसरा प्रश्न विचारणारा विरळा, आणि आर्डिसच्या हिशेबी रंग त्या दुसऱ्या प्रश्नावर जमतो. ह्या तरुणाकडे दुसरा प्रश्नच नव्हता. तिने कोट चढवला आणि हळू चालत बाहेर पडली.

चांगली डॉक्टर कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. डॉ. ब्रुक. हार्लन एकदा त्यांच्याकडे कान दाखवायला गेला होता. निघताना त्याने वाकून बुटाची नाडी बांधली आणि उठताना क्षणभर भिंतीला हात टेकला. बाईंनी त्याला परत बसवलं. त्यातून मानेतली तुंबलेली रक्तवाहिनी सापडली आणि हार्लन वाचला. ही गोष्ट त्याने गावातल्या प्रत्येक टेबलावर सांगितली होती, आणि दर वेळी भिंत थोडी दूर जायची.

हार्लन म्हणजे आर्डिसचा नवरा. म्हणजे होता. घटस्फोटाला एकोणीस वर्षं झाली. गाव लहान, तेव्हा दुकानात एक जण बटाट्यांशी दिसला की दुसऱ्याने साबणाकडे वळायचं, हे दोघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. त्याने पुढे नोरीनशी लग्न केलं. दोन वर्षांपूर्वी नोरीन गेली, तेव्हा आर्डिसने ट्यूना-नूडल्सचं भांडं त्याच्या दारात ठेवलं आणि बेल न वाजवता परत आली. आठवड्याने भांडं धुऊन-पुसून तिच्या दारात आलं. तेही बेल न वाजवता.

तिने डॉ. ब्रुककडे फोन लावला. तिथे ग्लेनिस नावाची बाई काउंटर सांभाळते. डॉक्टरांपर्यंत पोचायचं तर आधी तिला ओलांडावं लागतं.

"नवे पेशंट बंद आहेत हो," ग्लेनिस म्हणाली. "आमच्या पेशंटची फॅमिली असेल तरच."

"फॅमिली म्हणजे?"

"म्हणजे घरचं माणूस. आहे का तुमचं कोणी आमच्याकडे?"

"विचारून सांगते," ती म्हणाली.

शुक्रवारी गावातल्या क्लबात तळलेल्या माशांचं जेवण असतं. हार्लन नेहमीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर होता. आर्डिस आपली ताटली घेऊन सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, तशी शेजारच्या दोन टेबलांवरचं बोलणं बंद पडलं.

"बसू का?"

त्याने मान जरा तिरकी केली. "आर्डिस? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. काम आहे."

"मग बस. कामाशिवाय आली असतीस तर घाबरलो असतो."

तिने काम सांगितलं. तो बटाट्याच्या थालीपिठावर सफरचंदाची चटणी पसरत ऐकत होता. अर्धी चटणी थालीपिठावर आणि अर्धी ताटलीवर पडत होती.

"म्हणजे मी ग्लेनिसला सांगायचं, की तू माझी फॅमिली."

"तेवढंच."

"आणि न्यायाधीशाने एवढा शिक्का मारून दिला, त्याचं काय?"

"तो माझ्या कपाटात आहे. ग्लेनिस मागणार नाही."

"घोरतो म्हणून सोडलंस मला तू."

"घोरतोस म्हणून नाही. घोरतच नाही म्हणून भांडायचास, म्हणून."

हार्लन एवढ्या मोठ्याने हसला की शेजारच्या टेबलांनी मुकाट्याने खायला सुरुवात केली. मग त्याने काटा खाली ठेवला. "काय होतंय गं तुला?"

"दम लागतो. जिन्यात."

"तळघराच्या? टोपली असताना, की मोकळ्या हातानेसुद्धा?"

आर्डिसचा घास हातातच राहिला. जानेवारीपासून ती गावभर हिंडत होती, आणि दुसरा प्रश्न विचारला तो ह्याने.

"मोकळ्या हातानेसुद्धा," ती म्हणाली.

"सोमवारी जाऊ. तू गाडी घेऊन ये."

"तुझी काय झाली?"

"विकली."

"का?"

"बर्फात चालवायचा कंटाळा."

"बरोबर आहे," आर्डिस म्हणाली आणि माशावर लिंबू पिळलं.

सोमवारी सकाळी बर्फ पडत होता, मधूनच बारीक गाराही. हार्लन फाटकापाशी उभा होता. गाडीत बसल्या बसल्या त्याने विचारलं, "मग, कोण सांगू तुला? बहीण?"

"ग्लेनिस तुझ्या बहिणीला ओळखते."

"चुलत बहीण."

"माझं नाक बघ आणि तुझं नाक बघ."

"एवढी वर्षं भांडलेली माणसं दिसायला सारखी होतात म्हणे."

"तसं असतं तर मी कधीच टकली झाले असते."

"मेहुणी म्हणू का? मेहुणीला कोणी पुरावा मागत नाही."

"मेहुणी म्हण," आर्डिस म्हणाली. वळणावर गाडी जरा घसरली तेव्हा त्याने काही न बोलता डॅशबोर्डला हात लावला. पूर्वी ह्याच वळणावर तो तिला गाडी कशी चालवायची ते ऐकवायचा आणि ती फुगून बसायची.

दवाखान्यात कोणी नव्हतं. ग्लेनिसने चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "या हार्लन. ह्या कोण?"

हार्लनने टोपी काढली. मेहुणी हा शब्द त्याच्या तोंडापर्यंत आलेला आर्डिसला दिसला आणि परत गेलेलाही दिसला.

"रस्ताभर खोटं पाठ करत आलो, ग्लेनिस," तो म्हणाला. "पण तुझ्यासमोर जमत नाही. ही माझी बायको होती."

"होती नाही हो चालत," ग्लेनिस म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "आहे लागतं. मी काही मुद्दाम करत नाही. बाईंकडे जागाच नाही. एक जाईल तेव्हा एक येतो."

"मग माझ्या जागेवर हिला घे. मी चाललोय."

"कुठे?" दोघी एकदमच म्हणाल्या.

"डुलुथला. डेलकडे, नोरीनच्या मुलाकडे." तो ग्लेनिसशी बोलत होता, पण मान तिरकी करून आर्डिसकडे बघत होता. "डोळ्यांचं मधलंच गेलंय. कडेकडेचं दिसतं तेवढंच. लायसन्स गेलं, म्हणून गाडी गेली. तिकडे दुसरं राज्य, ही योजना चालत नाही. महिनाअखेर निघायचं आहे."

आर्डिस काउंटरला धरून उभी होती. धाप नव्हती, तरी धरून उभी होती.

"शुक्रवारी का नाही बोललास?"

"तू कुठे विचारलंस? तू डॉक्टरचं विचारलंस."

त्यात टोमणा नव्हता. गाडी का विकलीस, असं तिने विचारलं होतं. तो कंटाळा म्हणाला, आणि ती लिंबाकडे वळली होती.

ग्लेनिसने बराच वेळ कॉम्प्युटरकडे पाहिलं. मग उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले. "महिनाअखेर म्हणजे तशी आलीच," ती म्हणाली. "आणि बर्फामुळे दहा वाजताची माणसं येत नाहीयेत. तुम्ही आत जा, बाई. बाकीचं मी बघते. हार्लन, कॉफी तिथेच आहे, तुम्हाला जागा माहीत आहे."

"कपाचा कान कडेला असला तर दिसेल," हार्लन म्हणाला.

डॉ. ब्रुक ठेंगण्या, लोकरी जॅकेट घातलेल्या. त्यांनी चाकांची खुर्ची इतकी जवळ ओढली की दोघींचे गुडघे लागले. कॉम्प्युटर भिंतीकडे तोंड करून होता.

"पहिल्यापासून सांगा."

आर्डिसने सांगितलं. तळघर, टोपली, मोजे, आई, आईच्या गोळ्या. मध्ये कोणी तोडलं नाही, त्यामुळे सांगताना तिचीच एकदोनदा पंचाईत झाली, सवय नव्हती.

"मोजे कुठल्या पायरीवर जुळवता?"

"आधी वर पोचता पोचता. आता खालून चौथ्याच पायरीवर."

बाईंनी मान हलवली आणि तिच्या छातीला नळी लावली. एकीकडे लावली, दुसरीकडे लावली, पुढे वाकायला सांगितलं, परत पहिल्या जागी आल्या. खोली एवढी शांत झाली की खिडकीवर आपटणाऱ्या गारा ऐकू येऊ लागल्या. आपण लिहिलेलं पत्र कोणीतरी मनातल्या मनात शब्द न् शब्द वाचावं, तसं आर्डिसला वाटलं.

"हृदयाची एक झडप नीट उघडत नाहीये," शेवटी बाई म्हणाल्या. "आत्ता मशीनवर बघून पक्कं करू. हृदयाच्या डॉक्टरांना आजच फोन करते मी. हे वयाचं नाही आणि मनाचंही नाही. बहुतेक वेळा दुरुस्त होतं."

"माझ्या आईला हेच असेल?"

"असू शकेल. तेव्हा कोणी ऐकलं असतं तर कळलं असतं."

आर्डिसने मान हलवली. ब्लाउजची बटणं लावायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि बाईंनी तो लागू दिला.

"एक विचारते," बाई म्हणाल्या. "दुरुस्तीनंतर काही आठवडे एकटं राहता येणार नाही. घरी कोण असतं?"

आर्डिसने खिडकीतून बाहेर पाहिलं. आवारात तिची एकटीचीच गाडी उभी होती. हार्लन, डोक्यावर टोपी नाही, हातात मोजे नाहीत, पुढच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. खरवडायचा, मग तळहात फिरवून चाचपून बघायचा, राहिलंय वाटलं तर परत खरवडायचा.

"बघते," आर्डिस म्हणाली.

ती बघत होती. चालवणाऱ्याच्या बाजूची काच लख्ख झाली होती. मग त्याने हात झटकले, गाडीला धरत धरत वळसा घातला आणि दार उघडून आपल्या जागेवर बसला. त्याच्या बाजूची काच पांढरीच होती. तिला त्याने हातही लावला नव्हता.