विमानतळाच्या गाडीची रंगीत तालीम

रंगनाथरावांनी ठरवलं, की तालीम घ्यायची म्हणजे घ्यायची. मेट्रोत बॅगा ओढून माणूस स्वीडनला जायला तयार होत नाही, नुसता दमतो, हे शकुंतलाबाईंनी त्यांना आदल्या दिवशी सांगून पाहिलं, सकाळी पोहे खाताना पुन्हा सांगून पाहिलं. पण रंगनाथरावांना एखादी कल्पना सुचली की ती त्यांना स्वतःपेक्षाही मोठी वाटते. त्यामुळे साडेदहाच्या सुमारास कोथरूडच्या त्या शहाण्यासुरत्या सोसायटीतून एक सहासष्ट वर्षांची बाई दोन भरलेल्या बॅगा ओढत बाहेर पडली, आणि तिच्या मागून तिचा नवरा हातात मोबाइल धरून, त्यातलं घड्याळ चालू करून, मोकळ्या हातांनी निघाला.

मोकळ्या हातांनी का, तर तिथे तो नसणार होता. हेही त्याचंच म्हणणं.

त्यांची एकुलती एक लेक अपेक्षा स्टॉकहोमला राहायची आणि मार्चमध्ये बाळंत होणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण लेकीला माहेरी येता येईना, म्हणून माहेरच दोन बॅगांत भरून लेकीकडे निघालं होतं. डिंक, हळीव, बाळंतशोपा, दुपटी, टोपडी, आणि हे सगळं ज्यांना वापरता येतं ते शकुंतलाबाईंचे दोन हात. रंगनाथरावांना थंडी सोसत नव्हती, म्हणून ते जाणार नव्हते. प्रवास एकटीचा होता. फक्त त्यातले निर्णय सगळे रंगनाथरावांचे होते.

सगळ्यात मोठा निर्णय होता तो तिथल्या विमानतळावरून गावात जाण्याचा. तिथे म्हणे एक एक्स्प्रेस गाडी असते. विमानतळाच्या पोटातूनच निघते, मधे कुठे थांबत नाही, आणि वीसेक मिनिटांत थेट मुख्य स्टेशनात. अपेक्षा तिथे घ्यायला येणार होती. नवव्या महिन्यात त्यापुढे जायला डॉक्टरांनी तिला मनाई केली होती, आणि जावई दिग्विजय आपली रजा बाळंतपणासाठी राखून होता. सगळं सोपं होतं. पण रंगनाथरावांनी इंटरनेटवर त्या गाडीचं भाडं पाहिलं, त्याचे रुपये केले, आणि पंखा चालू असतानाही त्यांना घाम फुटला.

"वीस मिनिटांचे तीन हजारांच्या वर? एवढ्यात मी नागपूरला जाऊन परत येईन, आणि तेही झोपून!"

"पण मला नागपूरला जायचं नाहीये," शकुंतलाबाई म्हणाल्या होत्या.

तो मुद्दा गौण ठरला. दोन रात्री खपून रंगनाथरावांनी दुसरा मार्ग शोधून काढला. विमानतळाबाहेर साधी बस मिळते, ती शेजारच्या गावच्या स्टेशनावर सोडते, आणि तिथून लोकल धरली की तेच मुख्य स्टेशन. भाडं आठव्या हिश्श्याइतकं. तासभर जास्त लागतो, बाहेर बर्फ असतो आणि एकदा गाडी बदलावी लागते, एवढंच काय ते. समोरच्या फ्लॅटमधल्या सुखदेवरावांनीही मान डोलावली. ते एकदा यात्रा कंपनीबरोबर युरोपला जाऊन आले होते आणि सबंध दौऱ्यात बसमधून उतरून स्वतःची बॅग त्यांनी एकदाही उचललेली नव्हती. पण मत द्यायला अनुभव लागतो असं थोडंच आहे!

आणि म्हणून ही तालीम. आनंदनगरला मेट्रोत चढायचं, सिव्हिल कोर्टला उतरायचं, तिथून खाली जमिनीखालच्या मार्गावर जायचं, म्हणजे गाडी बदलण्याचा सराव होतो. लिफ्ट वापरायची नाही, कारण तिथली लिफ्ट बंद असली तर काय करणार? लाडू अजून वळायचे होते, म्हणून वजन खरं वाटावं यासाठी रंगनाथरावांनी बॅगांत जुने दिवाळी अंक, पाच किलो तांदूळ आणि घरातला वरवंटा भरला होता.

तो वरवंटा स्टेशनच्या तपासणी यंत्रात दिसला. पडद्यासमोर बसलेल्या बाईंनी बॅग बाजूला घेतली.

"काकू, हे काय आहे आत?"

"वरवंटा," शकुंतलाबाई म्हणाल्या. लाजेने त्यांचे कान तापले.

"वरवंटा घेऊन कुठं निघालात?"

"तालीम आहे," मागून रंगनाथराव ऐटीत म्हणाले. "ही स्वीडनला चालली आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. त्या बाईंनी एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा या दोघांकडे, आणि नवऱ्याचे रिकामे हात पाहून त्यांनी शकुंतलाबाईंकडे असं काही पाहिलं, की ते हसण्यापेक्षा जास्त झोंबलं. ती कीव होती. आयुष्यभर कुणाच्या अध्यात ना मध्यात राहिलेल्या बाईला सकाळी सकाळी मेट्रोच्या दारात कीव पदरात घ्यावी लागली, ती कशापायी? तर परदेशातल्या एका बसपायी.

गाडीत बसायला जागा मिळाली, तोवर ठीक होतं. सिव्हिल कोर्टला उतरल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. वरचा मार्ग पुलावरून जातो आणि खालचा पार पाताळात. सरकत्या जिन्यावर एक बॅग पुढच्या पायरीवर, एक मागच्या, आणि मधे शकुंतलाबाई. मागची बॅग कलली तशी त्यांनी गुडघा आडवा घातला. उजवा गुडघा, जो गेल्या दिवाळीपासून रोज रात्री शेकावा लागत होता. कळ थेट कमरेपर्यंत गेली.

"अगं, डावीकडे उभी राहू नकोस, लोकांना जायला वाट ठेव!" वरून रंगनाथराव ओरडले. "आणि थांबू नकोस मधे. वेळ चालू आहे!"

एक जिना झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या तोंडाशी शकुंतलाबाई बॅगा सोडून बाकावर बसल्या. रंगनाथराव मोबाइलकडे पाहत जवळ आले. "वाईट नाही," ते म्हणाले. "जरा सराव झाला की आणखी कमी वेळ लागेल."

शकुंतलाबाई काही बोलणार, एवढ्यात त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. पलीकडे अपेक्षा, उशीला टेकलेली, नुकतीच उठलेली.

"आई, कुठे आहेस? केवढा आवाज येतोय मागे!"

"सिव्हिल कोर्टच्या मेट्रो स्टेशनात. तुझे बाबा मला बॅगा ओढायला शिकवतायत. तिकडे गाडी बदलायची आहे ना."

अपेक्षाचा चेहरा पडला. "आई, खरं सांगू? मला हे अजिबात पटलेलं नाही. सीरियसली. बर्फात बॅगा घेऊन तू त्या बसस्टॉपवर उभी राहणार या विचारानं मला झोप येत नाही. मी एक्स्प्रेसचं तिकीट काढतच होते. पण तूच नको म्हणालीस, मग मी काय करणार?"

"मी?"

"मागच्या आठवड्यात मी बाबांना म्हटलं, तिकीट मी काढते, माझ्याकडून. तर ते म्हणाले, तिलाच नको आहे. उगाच खर्च केलेला तिला आवडत नाही, म्हणाले, आणि तू काढलंस तरी ती त्यात बसायची नाही. मला जरा वाईटच वाटलं गं. म्हटलं, आईला माझ्याकडून एवढंसुद्धा घ्यायचं नाही."

शकुंतलाबाईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. रंगनाथराव मोबाइलमधलं घड्याळ बंद करण्यात एकाएकी फार गुंतले होते.

मग शकुंतलाबाईंच्या डोक्यात एकेक दार उघडत गेलं. वर्ध्याहून पुण्याला आल्यावर पहिल्याच वर्षी शेजारच्या बाईंनी बी.एड.चा फॉर्म आणून दिला होता, आणि त्यांना बाहेरच्या खोलीतून उत्तर मिळालं होतं, तिला नको आहे, तिला घराचीच आवड. भाऊ आणि वहिनी हंपीला निघाले होते, दोन जागा रिकाम्या होत्या. तेव्हा फोनवर काय सांगितलं गेलं? हिला प्रवास सोसत नाही. अपेक्षाने पहिल्या पगारात स्वयंपाकघरात एसी बसवते म्हटलं, तेव्हा? आईला गार हवा चालत नाही. दर वेळी शकुंतलाबाई आतल्या खोलीत होत्या, नाहीतर ओट्यापाशी, नाहीतर ताटं वाढत. दर वेळी त्यांना वाटलं होतं, लोकांनी पुन्हा कसं नाही विचारलं! आणि सबंध नात्यात त्यांचं कौतुक काय, तर शकूवहिनी किती समाधानी! जावांना, भाच्यांना त्यांचं उदाहरण दिलं जायचं. बघा, कधी काही मागितलं नाही बाईनं.

कसं मागणार? मागायच्या आधीच त्यांचा नकार कळवला जात होता.

"तुम्ही माझ्या नावानं बोललात," त्या म्हणाल्या. फोन चालूच होता.

"अगं, मला काय माहीत नाही का तुझा स्वभाव?" रंगनाथराव म्हणाले. "तू नकोच म्हणाली असतीस."

"म्हणाले असते की नसते, ते माझं मी बघितलं असतं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत नाही. तुमच्या सोयीचं जे असतं, ते तुम्ही माझ्या तोंडात घालता आणि त्याला माझा स्वभाव म्हणता."

"लोक बघतायत, शकू."

"बघू देत! सकाळपासून बघतायत. वरवंटा बघितला, आता हेही बघू देत." त्यांचा आवाज चढला आणि त्या उंच छताला लागून परत आला. "कंजूसपणा तुमचा आणि बोल मला! तुम्ही सरळ म्हणाला असतात, की मला पैसे टाकवत नाहीत, तर मी ऐकून घेतलं असतं. पण लेकीला वाटलं, की आईलाच तिचं काही नको आहे. नऊ महिने भरत आलेल्या पोरीला हे वाटलं! याचा राग मी कुठे ठेवू, सांगा!"

रंगनाथरावांनी मोबाइल खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला. ते नुसतेच इकडेतिकडे पाहू लागले.

शकुंतलाबाईंनी फोन तोंडासमोर धरला. "अपेक्षा, काढ ते तिकीट. मला हवं आहे. तीन हजार असू दे नाहीतर आणखी काही. गाडीत बसल्यावर वीस मिनिटांत तू दिसणार असशील, तर मला ती गाडी स्वस्त आहे."

"आई," अपेक्षा म्हणाली. नुसती डोळे पुसत मान हलवत राहिली.

"रडू नकोस. काहीतरी खा आधी," असं म्हणून शकुंतलाबाईंनी फोन ठेवला आणि त्या उठल्या. पदर नीट केला. बॅगांकडे ढुंकूनही न बघता त्या वर जायच्या लिफ्टकडे चालू लागल्या.

मागून चाकांची घरघर ऐकू आली. मग 'अरे अरे' ऐकू आलं, मग एक बॅग आडवी पडल्याचा आवाज. शकुंतलाबाई लिफ्टचं दार धरून उभ्या राहिल्या, पण हात लावायला पुढे झाल्या नाहीत. रंगनाथराव आत आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"फार जड आहेत गं," ते म्हणाले.

"हो," शकुंतलाबाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीला गर्दी होती. कॉलेजची मुलं, ऑफिसची माणसं, पिशव्या. दोघं दाराजवळच्या दांड्याला धरून उभे राहिले, मधे त्या दोन बॅगा. शकुंतलाबाईंचा राग अजून उकळतच होता. गंमत अशी, की तो आता एकट्या रंगनाथरावांवर नव्हता. एवढ्या वर्षांत एकदाही आतल्या खोलीतून बाहेर येऊन, ओले हात पुसत, 'मी असं म्हटलेलं नाही' असं आपण का म्हणालो नाही, या प्रश्नावर तो जाऊन आदळत होता आणि तिथून हलत नव्हता.

गाडीने वळण घेतलं तशी त्यांच्या गुडघ्यात पुन्हा कळ आली. समोर बसलेल्या, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेल्या एका माणसाने ते पाहिलं. कानातली वायर काढून तो उठला.

"बसा ना, काकू."

"नको नको," रंगनाथरावांच्या तोंडून निघालं, "हिला..."

आणि ते थांबले. मधेच, वाक्य तोडून. कधी नव्हे ते त्यांनी बायकोकडे वळून पाहिलं. चेहरा घामेजलेला, जरासा घाबरलेलाही.

"बसतेस का?" त्यांनी विचारलं.

गुडघा ठणकत होता. समोर रिकामी जागा होती, आणि विचारणारा साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा विचारत होता.

"नको," शकुंतलाबाई म्हणाल्या. "राहू दे, ठीक आहे मी."

त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. रंगनाथरावांनी यातला एक शब्दही त्यांच्या तोंडात घातलेला नव्हता. शब्द त्यांचेच होते, घासून घासून गुळगुळीत झालेले. तो माणूस 'बरं' म्हणून पुन्हा बसायला वळला.

"अहो, थांबा," शकुंतलाबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की आजूबाजूच्या चारपाच जणांनी मोबाइलमधून माना वर केल्या. "मी खोटं बोलले. मला बसायचं आहे."

आणि त्या बसल्या.